बीएस्सीनंतर विज्ञानात पुढे शिकायचंय? ठाणे–नवी मुंबईच्या विद्यार्थ्यांसाठी अर्जाची तयारी

बारावीनंतर काय करायचं हे सांगणाऱ्या पाट्या ठाण्यात गोखले रोडपासून घोडबंदरपर्यंत लागलेल्या आहेत. बीएस्सीनंतर काय, हे सांगणारी पाटी शोधूनही सापडत नाही. मग होतं असं की, चांगली अभ्यासू मुलं टीवायच्या फेब्रुवारीत विचारतात, "सर, जॅमचा फॉर्म कधी निघतो?" जॅम म्हणजे आयआयटींच्या एमएस्सीची प्रवेश परीक्षा. तिचा फॉर्म सप्टेंबरात निघून ऑक्टोबरात बंद झालेला असतो, आणि परीक्षाही त्याच आठवड्यात असते. इथल्या मुलांचे गुण कमी पडतात असं मला वाटत नाही. माहिती उशिरा पोचते, आणि तो उशीर एक अख्खं वर्ष खातो. म्हणून हा लेख एसवायच्या विद्यार्थ्यांनी वाचावा असा लिहिला आहे. टीवायवाल्यांनी वाचून लगेच कामाला लागावं.

पायरी पहिली: कशासाठी अर्ज करताय ते ठरवा

बीएस्सीनंतर मुख्य वाटा चार.

मुंबई विद्यापीठाची एमएस्सी, म्हणजे कलिन्याचे विभाग किंवा संलग्न आणि स्वायत्त कॉलेजं. इथले प्रवेश साधारण बीएस्सीच्या निकालानंतर होतात. घराजवळची एमएस्सी म्हणजे हलकी एमएस्सी असं अजिबात नाही. फक्त शेवटच्या सत्रात खरा प्रकल्प करायला मिळतो का, आणि विभागात कोणी चालू संशोधन करतंय का, हे आधीच्या तुकडीतल्या मुलांना विचारून घ्या. माहितीपत्रकात ते कळत नाही.

दुसरी वाट जॅम. आयआयटींच्या एमएस्सीसाठीची ही परीक्षा सात विषयांत होते: भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित, सांख्यिकी, जैवतंत्रज्ञान, भूशास्त्र आणि अर्थशास्त्र. तीन तास, ६० प्रश्न, १०० गुण. केंद्रीय विद्यापीठांसाठी, म्हणजे हैदराबाद, दिल्ली, बनारस वगैरे, सीयूईटी-पीजी ही वेगळी परीक्षा आहे.

तिसरी इंटिग्रेटेड पीएचडी. बीएस्सीनंतर थेट प्रवेश, वाटेत एमएस्सी, आणि पुढे त्याच संस्थेत पीएचडी. बंगळूरची आयआयएससी (भारतीय विज्ञान संस्था) यासाठी जॅमचे गुण बघते. आपल्या कुलाब्याच्या टीआयएफआरमध्येही (टाटा मूलभूत संशोधन संस्था) हा अभ्यासक्रम आहे. तिची स्वतःची जीएस नावाची प्रवेश परीक्षा वर्षानुवर्षं डिसेंबरात होत आली आहे. संशोधनच करायचं हे ज्याचं पक्कं आहे, त्याने ही वाट पहिल्यांदा बघावी. ज्याचं पक्कं नाही, त्याने एमएस्सी करावी. दोन वर्षांत मन कळतं.

चौथी परदेशाची. तिच्याबद्दल पुढे.

एमएस्सी झाल्यावर पीएचडीसाठी सीएसआयआर-यूजीसी नेट (वर्षातून दोनदा), गेट आणि संस्थांच्या आपापल्या परीक्षा असतात. नेटमध्ये जेआरएफ (कनिष्ठ संशोधन फेलोशिप) मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये आणि नंतर ४२,०००, शिवाय घरभाडे भत्ता. हे दर १ जानेवारी २०२३ पासूनचे आहेत. पीएचडी म्हणजे आणखी पाच वर्षं फी भरायची, या समजुतीने ज्या घरात विषय बंद होतो, तिथे हा आकडा सांगा. २०२४ पासून नेटचे गुण पीएचडीच्या प्रवेशासाठीही धरतात. जेआरएफ न मिळालेल्यांसाठी ७० टक्के वजन नेटच्या गुणांना आणि ३० टक्के मुलाखतीला.

नव्या शैक्षणिक धोरणातल्या पदवीच्या चौथ्या वर्षाबद्दल बरेच जण विचारतात. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार चार वर्षांची पदवी ७५ टक्क्यांनी मिळवली तर थेट पीएचडीला अर्ज करता येतो. कागदावर हे खरं आहे. पण तुमच्या कॉलेजात चौथ्या वर्षी प्रयोगशाळेत करायला काही नसेल, तर त्याच वर्षात चांगल्या ठिकाणची एमएस्सी सुरू केलेली बरी, असं माझं मत आहे.

पायरी दुसरी: वर्षाचा तक्ता उलटा मांडा

प्रवेश जुलै-ऑगस्टमध्ये. जॅमचा निकाल मार्चमध्ये. परीक्षा फेब्रुवारीत. फॉर्म सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. गेटचा फॉर्म त्याच्याही थोडा आधी, ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमाराला. टीआयएफआरची जाहिरात पावसाळा संपता संपता बघायला लागायची. सीयूईटी-पीजीचे फॉर्म हिवाळ्यात. अमेरिकेतले बहुतेक पीएचडी अर्ज १ ते १५ डिसेंबरच्या दरम्यान बंद होतात. म्हणजे टीवायच्या गणपतीत तुमची यादी तयार हवी. नेमक्या तारखा दर वर्षी थोड्या सरकतात, तेव्हा त्या संस्थेच्याच पानावर बघा. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या तक्त्यावर विसंबू नका.

जॅम घेणारी संस्था दर वर्षी बदलते, त्यामुळे संकेतस्थळाचा पत्ताही बदलतो. जुन्या पत्त्यावर जाऊन "अजून काहीच आलं नाही" म्हणत बसलेली मुलं दर वर्षी भेटतात.

आणि सगळ्यात जास्त घोळ होतो तो इथे: जॅम देणं म्हणजे प्रवेशाचा अर्ज करणं नव्हे. निकालानंतर आयआयटींसाठी जोॲप्स या पोर्टलवर वेगळा अर्ज भरावा लागतो, एनआयटींसाठी सीसीएमएन या प्रवेश-पोर्टलवर वेगळा, आणि आयआयएससी, आयसरसारख्या संस्थांना त्यांच्या त्यांच्या पानावर. यातल्या काहींचे फॉर्म जॅमचा निकाल लागायच्या आधीच सुरू होतात. उत्तम क्रमांक आला आणि पुढचा फॉर्मच भरला नाही, असं होऊ शकतं आणि होतं. परीक्षा संपली की आठवडाभर झोपा काढा, पण मोबाइलवर या तारखांचे गजर लावून.

पायरी तिसरी: खरी प्रयोगशाळा बघा

आपण कुठे राहतो याचा फायदा आपल्यालाच माहीत नसतो. वाशीहून खाडी ओलांडली की मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र. तिथला 'नियस' हा कार्यक्रम खास पदवीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षांतल्या विद्यार्थ्यांसाठी आहे, आणि त्यातून सुट्टीतल्या शिबिरांत आणि प्रकल्पांत काम करायला मिळतं. खारघरला टाटा मेमोरियलचं ॲक्ट्रेक. कर्करोगावरचं मूलभूत संशोधन आणि जीवशास्त्रातली पीएचडी तिथे चालते. ट्रॉम्बेच्या नावाने देशभर ओळखलं जाणारं बीएआरसी (भाभा अणुसंशोधन केंद्र) चेंबूरच्या पलीकडे. पवईला आयआयटी. माटुंग्याला आयसीटी, म्हणजे रसायन तंत्रज्ञान संस्था. सीएसएमटीला उतरून नेव्हीनगरची बस धरली की टीआयएफआर. बिहारमधून किंवा विदर्भातून आलेला विद्यार्थी यातल्या एका ठिकाणी पोचायला एक-दोन दिवस प्रवास करतो. आपल्याकडे ट्रान्स-हार्बरचा पास असतो.

तरी आपण जात नाही, कारण 'असंच कसं जायचं?' असंच जायची सोय असते. २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या आसपास बऱ्याच संस्था दारं उघडतात. टीआयएफआरची मंडळी पृथ्वी थिएटरमध्ये रविवारी सकाळी 'चाय अँड व्हाय' नावाने गप्पांचा कार्यक्रम करतात. तिथे जाऊन कोणालाही प्रश्न विचारता येतो. पुण्याकडे कोणी नातेवाईक असतील तर त्याच दिवसांत नारायणगावजवळच्या खोडदला जीएमआरटी या मोठ्या रेडिओ दुर्बिणीचं प्रदर्शन बघून या.

उन्हाळी प्रकल्पांसाठी तीन विज्ञान अकादमी मिळून फेलोशिप देतात. तिचे अर्ज आदल्या हिवाळ्यातच घेतात. टीआयएफआरचा व्हीएसआरपी हा उन्हाळी संशोधन कार्यक्रम आहे. गणितवाल्यांनी एमटीटीएस हे उन्हाळी प्रशिक्षण शिबिर चुकवू नये. गणित कसं शिकतात ते तिथे पहिल्यांदा कळतं. यातलं काहीच मिळालं नाही तरी स्वतःच्या कॉलेजातल्या सरांकडे सुट्टीत काम मागा. पुढे अर्जात लिहायला लागेल ती हीच गोष्ट.

प्राध्यापकांना मेल लिहायचा असेल तर एक मजकूर चाळीस जणांना पाठवू नका. 'रिस्पेक्टेड सर/मॅडम, आय ॲम अ हार्डवर्किंग स्टुडंट' अशी सुरुवात असलेले मेल त्यांच्याकडे ढिगाने येतात. दहा-बारा ओळी पुरतात: तुम्ही कोण, कुठे शिकता, त्यांचा कोणता शोधनिबंध किंवा व्याख्यान पाहिलं आणि त्यातलं काय समजलं, काय नाही, तुम्हाला काय येतं (पायथन, पीसीआर, टायट्रेशन, जे खरोखर येतं ते), कोणत्या तारखांना वेळ आहे. सोबत एका पानाचा बायोडेटा. उत्तर नाही आलं तर दोन आठवड्यांनी एकदा आठवण, आणि मग पुढचं नाव. राग धरू नका. त्यांचा इनबॉक्स तसाच असतो.

पायरी चौथी: एसओपी

परदेशी अर्जांना आणि इथल्या काही संस्थांना 'स्टेटमेंट ऑफ पर्पज' लागतं. दीड-दोन पानांचा हा मजकूर लोक सगळ्यात वाईट लिहितात, कारण इंटरनेटवरचा नमुना समोर ठेवून लिहितात. मग प्रत्येकाला लहानपणापासून ताऱ्यांचं वेड असतं आणि प्रत्येकाच्या हृदयात कलाम असतात.

निवड समितीला वेड तपासायचं नसतं. हा माणूस काम करताना विचार करतो का, एवढंच त्यांना बघायचं असतं. एक उदाहरण घेऊ. समजा, टीवायच्या प्रकल्पात तुम्ही ठाणे खाडीच्या पाण्यातला विरघळलेला ऑक्सिजन मोजला. कच्चा मजकूर असा येतो: 'मी खाडीच्या प्रदूषणावर प्रकल्प केला, त्यातून मला संशोधनाची गोडी लागली.' यातून वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. आता हे बघा: 'विटाव्याजवळून आणलेल्या नमुन्यांचे आकडे एकाच दिवशी एकमेकांशी जुळेनात. नमुने आम्ही बाटलीत भरून कॉलेजात आणत होतो आणि ऑक्सिजन बांधून ठेवणारी मॅंगनस सल्फेट व अल्कलाइन आयोडाइड ही अभिकारकं तिथे घालत होतो. वाटेत तास-दीड तास जात होता आणि तेवढ्यात बाटलीतले जिवाणू ऑक्सिजन वापरत होते. पुढच्या वेळी अभिकारकं किनाऱ्यावरच घातली आणि आकडे जुळू लागले. मग प्रश्न पडला: भरती-ओहोटीनुसार हा आकडा किती बदलतो?' प्रकल्प तोच, महागडं यंत्र कुठेच नाही. पण इथे एक माणूस दिसतो ज्याला चूक सापडली, कारण सापडलं आणि पुढचा प्रश्न सुचला. खाडी २०२२ मध्ये रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) झाली, हे एका वाक्यात सांगितलंत तर बाहेरच्या वाचकाला जागेचं महत्त्वही कळेल. त्याहून जास्त भूगोल नको.

त्यानंतर लिहायचं ते त्याच विभागात का. दोन-तीन प्राध्यापकांची नावं आणि त्यांच्या कामाशी तुमच्या प्रश्नाचं नातं. विद्यापीठाचा क्रमांक, इतिहास, सुंदर परिसर हे त्यांना माहीत असतं.

इंग्रजीत अडत असाल तर ही गोष्ट आधी मित्राला मराठीत बोलून दाखवा आणि ते रेकॉर्ड करा. बोलताना तुम्ही आपोआप महत्त्वाचं तेवढंच सांगता. नंतर ते ऐकून साध्या, छोट्या इंग्रजी वाक्यांत नव्याने लिहा. एआयकडून गुळगुळीत करून घेतलेला मजकूर ओळखू येतो, आणि मुलाखतीत त्यातल्या वाक्याचा अर्थ विचारला की पंचाईत होते.

पायरी पाचवी: शिफारसपत्रं

परदेशासाठी बहुधा तीन. इथल्या काही ठिकाणी दोन. आपल्याकडची रीत सगळ्यांना ठाऊक आहे: "तूच लिहून आण, मी बघतो आणि सही करतो." सरांना वेळ नसतो, त्यात वाईट हेतू नसतो. पण तिन्ही पत्रं तुम्हीच लिहिलीत तर तिन्हींत एकच आवाज ऐकू येतो, आणि वाचणारे ते वर्षानुवर्षं वाचत आलेले असतात. त्यापेक्षा सरांना एक पानाचं टिपण द्या: त्यांच्या कोणत्या विषयात होतात, प्रकल्पात नेमकं काय केलंत, त्यांच्यासमोर घडलेली एखादी गोष्ट, कुठे अर्ज करताय, शेवटची तारीख. मजकूर त्यांचा त्यांना लिहू द्या. हे टिपण समोर असलं की पंधरा मिनिटांत पत्र होतं.

पत्र कोणाकडून? प्राचार्यांची सही भारदस्त दिसते, पण त्यांनी तुम्हाला कधी शिकवलंच नसेल तर ती कुचकामी. प्रॅक्टिकलला तुमच्या शेजारी उभ्या राहिलेल्या मॅडमचं पत्र अधिक वजनदार. त्यांच्याकडे कॉलेजचा ईमेल आहे का हेही विचारा. अनेक परदेशी विद्यापीठं जीमेलवरून आलेल्या पत्राकडे संशयाने बघतात. बऱ्याच कॉलेजांत असा पत्ता मिळतो, पण शिक्षक तो कधी उघडत नाहीत. मग तो चालू करून घेण्यात आठवडा जातो.

आणि नवरात्राच्या आधी विचारा. दिवाळीच्या सुट्टीत शिक्षक गावाला जातात, परत आले की सत्राच्या परीक्षा आणि पेपर तपासणी, आणि तेवढ्यात १ डिसेंबर उजाडतो.

पायरी सहावी: कागदपत्रं

ओबीसी विद्यार्थ्यांनी नीट वाचावं. राज्याच्या नमुन्यातलं नॉन-क्रिमीलेयर केंद्रीय संस्थांत चालत नाही. केंद्राच्या नमुन्यातलं वेगळं काढावं लागतं, आणि प्रवेशाच्या वेळी ते बहुधा त्या वर्षीच्या १ एप्रिलनंतर दिलेलं लागतं. शिवाय राज्याच्या यादीतली प्रत्येक जात केंद्राच्या यादीत असतेच असं नाही. यादी आधी तपासा. विमुक्त-भटके किंवा विशेष मागास प्रवर्ग असे वेगळे रकाने केंद्रीय फॉर्ममध्ये नसतात. त्यातल्या बऱ्याच जाती केंद्राच्या ओबीसी यादीत सापडतात. एसईबीसीचं आरक्षण राज्यापुरतं आहे. त्या विद्यार्थ्यांनी केंद्राच्या ईडब्ल्यूएसच्या अटी बघाव्यात. एप्रिलपासून सेतू केंद्रांत दहावी-बारावीवाल्यांची झुंबड सुरू होते, तेव्हा उत्पन्नाचे कागद मार्चमध्येच गोळा करून ठेवा.

नाव. मुंबई विद्यापीठाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग तुमचं, वडिलांचं आणि शेवटी आईचं नाव. आधारवर वेगळा क्रम, पासपोर्टवर तिसराच. परीक्षेच्या फॉर्ममध्ये सूचनेप्रमाणे नाव घाला आणि तेच रूप शेवटपर्यंत ठेवा. परदेशासाठी पासपोर्टवरचं रूप प्रमाण. परदेशी अर्जांना विद्यापीठाची ट्रान्सक्रिप्ट लागते, ती अर्ज केल्यावर लगेच हातात पडत नाही. दिवाळीआधी मागणी नोंदवा.

परदेशाबद्दल थोडं

अमेरिकेत विज्ञानातल्या पीएचडीला साधारणपणे फी माफ असते आणि वर विद्यावेतन मिळतं. स्वतःच्या पैशाने करायची असते ती एमएस. तीन वर्षांची बीएस्सी सगळीकडे चालत नाही, तेव्हा विभागाच्या पानावर पात्रता वाचा. शंका असेल तर विभागाच्या कार्यालयाला मेल करा, उत्तर देतात. जीआरई ही प्रवेश परीक्षा बऱ्याच विभागांनी सोडून दिली आहे. परीक्षेचे पैसे भरण्याआधी तुमच्या यादीतले किती जण ती मागतात ते मोजा. अर्जाची फी माफ करून मिळते का हेही विचारायला लाजू नका.

जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत एमएस्सीला शिकवणीची फी नसते. बाडेन-वुर्टेंबर्ग राज्य युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून सत्राला १,५०० युरो घेतं. नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना व्हिसासाठी एपीएसचं (शैक्षणिक कागदपत्रं तपासणाऱ्या जर्मन कार्यालयाचं) प्रमाणपत्र लागतं. ते वेळेत काढा.

स्टेशनजवळच्या एजंटांबद्दल एवढंच: त्यांच्यापैकी बरेच जण विद्यापीठांकडून कमिशन घेतात, आणि ते मिळतं फी भरणाऱ्या विद्यार्थ्यावर. फुकटातली पीएचडी त्यांच्या फलकावर का नसते, ते यावरून समजून घ्या.

पीएचडी देशात करणार असाल तर बार्टी, सारथी आणि महाज्योती या राज्याच्या संस्था आपापल्या गटांतल्या संशोधकांना फेलोशिप देतात. त्यांच्या जाहिरातींवरही लक्ष असू द्या.

परीक्षा आणि मुलाखत

गेली काही वर्षं जॅम रविवारी होते. रविवार म्हणजे मेगाब्लॉक. हार्बरवर असेल, ट्रान्स-हार्बरवर असेल, कधी मुख्य मार्गावर ठाण्याच्या अलीकडे-पलीकडे. आदल्या दिवशीच्या पेपरात वेळ बघा आणि रिक्षा-बसचा दुसरा मार्ग ठरवून ठेवा. पेपरात ३० प्रश्नांना चुकीच्या उत्तराचे गुण कापतात. उरलेल्या ३० ना, म्हणजे एकाहून अधिक बरोबर पर्याय असलेल्या आणि आकडा लिहायच्या प्रश्नांना, कापत नाहीत. ते कोरे सोडू नका.

मुलाखत फळ्यासमोर होते, निदान जिथे मनापासून घेतात तिथे. पहिला प्रश्न बहुधा "आवडता विषय कोणता?" क्वांटम मेकॅनिक्स म्हणालात तर पेटीतल्या कणाचा आलेख काढायला सांगतील. मग भिंतीची उंची कमी केली तर काय होईल. मग पेटीच्या मधोमध एक छोटा उंचवटा ठेवला तर. कुठेतरी तुम्ही अडणार, आणि तिथूनच खरी मुलाखत सुरू होते. "हे मला माहीत नाही, पण असं सुरू करून बघतो" हे वाक्य तुटक इंग्रजीत म्हटलंत तरी चालतं. इंग्रजीवरून नापास केलेलं मी तरी पाहिलं नाही. पाठ केलेलं उत्तर घडाघडा म्हणणाऱ्याला मात्र दुसऱ्या प्रश्नाला घाम फुटतो. तयारी म्हणून टीवायचे दोनच विषय निवडा आणि मित्राला समोर बसवून फळ्यावर शिकवा. त्याला "का?" एवढंच विचारायला सांगा.

जागा मिळाल्यावर

आयआयटींच्या फेऱ्यांत जागा आली की ती स्वीकारून थांबायचं, वरच्या पसंतीची वाट बघायची, की सोडायची, हे ठरावीक मुदतीत सांगावं लागतं आणि पैसे भरावे लागतात. मुदत चुकली की जागा गेली. अमेरिकेतल्या बहुतेक विद्यापीठांना फंडिंगसह आलेल्या प्रस्तावावर १५ एप्रिलपर्यंत उत्तर देता येतं, त्याआधी कोणी घाई केली तर नम्रपणे मुदत मागा.

बीएस्सीचा शेवटचा निकाल लांबला तर घाबरू नका. बऱ्याच संस्था तात्पुरता प्रवेश देतात आणि गुणपत्रिकेसाठी पुढची तारीख देतात. मात्र त्यासाठी कॉलेजकडून 'शेवटच्या परीक्षेला बसला आहे' असं पत्र लागतं. ते कार्यालय उघडं असताना मे महिन्यातच घेऊन ठेवा. मुंबई विद्यापीठाबाहेर जाणाऱ्यांना मायग्रेशन प्रमाणपत्र लागतं, कॉलेजचा दाखला लागतो. दाखला एकदा जमा केला की परत मिळायला त्रास होतो, तेव्हा सगळ्या कागदांचे स्कॅन आणि दोन-दोन साक्षांकित प्रती घरी ठेवून मगच गाडीत बसा.